काळी चारच्या जवळ

शनिवारी दिवेलागणीला बटण दाबलं.
पंखा फिरला, हिरवा दिवा लागला,
पडदा मात्र काळाच.
चांगलं पॉलिश बसलेल्या दांडीसारखा,
त्यात माझंच तोंड.
मग आतून आवाज.
थांबून परत.

निलोफरला चिंचवडला फोन लावला. ती जेवत होती.
"अब्बा, आवाज येतोय ना? कसा येतोय?"
काळी चारच्या जवळ, म्हटलं. किंचित उतरलेला.
पलीकडे घास थांबला.
"सूर नको. मोजून सांगा. किती, आणि लांब की आखूड?"

मिरजेत सतारमेकर गल्लीत चाळीस वर्षं बसलो,
आवाज कुणी मोजून मागितला नव्हता.
मोजले. तीन. लांब. जराशी उसंत, परत तीन.
"रॅम," ती म्हणाली,
मी जसं म्हणतो, जवारी.

प्लग काढा. काढला.
बटण दाबून धरा, दहा आकडे. धरलं.
उरलीसुरली वीज निघून जाते म्हणे,
छेडून सोडलेली तार
भोपळ्यात रेंगाळते, तशी असेल.
बाजूचं पान उघडा. स्क्रू दोन हवेत, होता एक.
दुसऱ्याच्या जागी खुंटीची चिपटी.
मीच कधीतरी मारलेली, विसरलो होतो.

आत बघतो तर माझंच दुकान!
तुनाचा भुसा, लाखेची पूड,
पंख्याच्या पात्यांवर तपकिरी साय,
आणि जवारीच्या दोऱ्याचा एक तुकडा,
तो तिथं कसा पोचला अल्लाला ठाऊक.
कानशीनं उडवलेलं सगळं
ह्या डब्यानं गुमान गिळलं इतकी वर्षं.
निलोफर ओरडली नाही.
"कोरड्या ब्रशनं झाडा," एवढंच.

पट्टीचे दोन्ही कान मागे ढकलले,
कटकन वर आली.
फणीएवढी, एका कडेला पिवळे दात.
"माझ्या खणात खोडरबर असेल बघा."
होतं. एक कोपरा चावलेला.
घासलं हलक्या हातानं, एकाच दिशेनं,
घोडीवर कानस चालते तसं.
जास्त गेलं तर परत लावता येत नाही.
ती म्हणते झालं का, मी म्हणतो थांब.
लहानपणी हेच उलटं चालायचं,
ती दुकानाच्या पायरीवर, भूक लागलेली.

परत बसवली. इकडून टक्, तिकडून टक्.
प्लग. बटण.

एकच. आखूड.

पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली,
मी एकेक करून वाचून दाखवली.
"आतला सेल गेलाय. रुपयाएवढा असतो,
स्टेशन रोडला मिळेल. आता एफ वन दाबा."
दाबलं. बराच वेळ काही नाही.
मग निळं आलं, मग आपली यादी:
कुणाचा तंबोरा, पट्टी कुठली, भोपळ्याचा घेर किती,
तिनंच सुट्टीत बसून टाइप केलेली,
धारवाडचं दोनदा धरवाड.

कोपऱ्यात तारीख, एक जानेवारी दोन हजार नऊ.
"ती बदला हं, नाहीतर पावत्या चुकतील."
बदलतो, म्हटलं. फोन ठेवला.

त्या जानेवारीत तू सातवीत.
धूळ बसते म्हणून ह्याच्यावर
तुझी हिरवी ओढणी घालायचीस,
आणि मला बोट लावू द्यायची नाहीस.

लगेच नाही बदलली.
आधी बंद केलं, परत चालू केलं,
त्या एका आवाजासाठी.
भिंतीशी टेकवलेल्या तंबोऱ्याची जोडाची तार
त्याला लावून पाहिली.
काळी चारच. उतरलेला नव्हता,
मघाशी कानच घाबरला होता.

यादीच्या तळाशी एका बोटानं नवी ओळ घातली:
गिऱ्हाईक निलोफर, मुक्काम चिंचवड.
पट्टी काळी चार. घेर मोजलेला नाही.
तारीख उद्या,
सेल आणल्यावर.