इतिवृत्त

तार्तू. नगरभवन, तिसरा मजला. नोव्हेंबर.
दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागले.
हजर: नगररचना, संग्रहालय, विद्यापीठ,
पाणीपुरवठा, वाहनतळ बांधणारी कंपनी,
पडद्यावर तोरुनच्या प्रयोगशाळेतल्या यादविगाबाई,
फोनवर ल्युबेकच्या कचेरीतला हिन्नेर्क,
जो दर दोन वाक्यांनी तुटतो.
शिवाय हेल्दुर पिह्लाक, निवृत्त बसचालक,
कोणत्याच संस्थेचा नाही, खोदायला रोज येतो.
त्याच्यासाठी बाहेरून खुर्ची आणली.
लिहिणारी मी.

विषय पहिला.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचता आले नाही.
मागली सभा भरली सहाशे वर्षांपूर्वी,
वाहनतळाच्या जागेखाली, चार मीटरवर,
आणि कुणी काही लिहून ठेवलं नाही.
उरला तो संडासाचा लाकडी खड्डा,
त्यात चेरीच्या बिया, माशांचे काटे,
ऱ्हाइनकडून आलेल्या सुरईचा कान
आणि एक जोडा.
जोडा म्हणजे जोडीतला एकच. डावा.
माझ्या तळहातात मावेल एवढा.

विषय दुसरा. जोडा सध्या कुठे आहे?
पाणीपुरवठा खात्याच्या फ्रिजमध्ये,
जेवणाच्या डब्यात, पाण्यात बुडवून,
शेजारी कुणाचं तरी हेरिंग.
झाकणावर चिठ्ठी: खाऊ नये.
(हशा. नोंदवायचा की नाही ते ठरलं नाही.)

यादविगाबाई म्हणाल्या, वाळू देऊ नका त्याला.
एवढी शतकं ओला राहिला म्हणून राहिला.
उघड्यावर ठेवलात तर आक्रसेल,
मग तडकेल, मग तुमच्याकडे
उरेल एक अहवाल.

कंपनीचे इंजिनियर काल्येव यांनी तक्ता दाखवला:
थांबलेल्या प्रत्येक दिवसाचं भाडं,
क्रेनचं, माणसांचं, कर्जाचं.
सहा दिवस देतो, म्हणाले. त्याहून एक नाही.
माणूस वाईट नव्हता, तक्ताच तसा होता.
संग्रहालयाला काचपेटी हवी होती,
विद्यापीठाला दोन वर्षं,
नगररचनेला उतार,
पाणीपुरवठ्याला फक्त आपला पाइप.
तासभर तेच. कॉफी दोनदा आली.
मी वहीत नुसत्या रेघा ओढल्या.

मग फोनमधून हिन्नेर्क:
अंगठ्याजवळ ठिगळ आहे ना? टाके मोजा.
(तुटला.)
फोटो मोठा केला. सगळे वाकले.
अकरा टाके.
सात एका मापाचे, सुतात ओढल्यासारखे.
चार वेडेवाकडे, लांब लांब.
म्हणजे चांभारानं सुरू केलं, काल्येव म्हणाले,
आणि घरी कुणीतरी पुरं केलं?
यादविगाबाई म्हणाल्या, सांगता येत नाही.
हिन्नेर्क परत आला आणि म्हणाला,
आमच्या जमिनीतही असाच एक,
पण त्याचं ठिगळ...
(तुटला.)
काल्येव यांनी तक्त्यात सहाच्या जागी अकरा लिहिलं.
का ते बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

ठराव. उतार दीड मीटर पूर्वेला सरकवावा.
खर्च तिघांनी वाटून घ्यावा.
जोडा तोरुनला जावा, ओल्यासकट.
अकरा दिवसांत निघेल ते काढावं,
उरलेला खड्डा वाळू घालून बुजवावा,
त्यावर कापड, मग काँक्रीट.
सूचक: पाणीपुरवठा. अनुमोदक: कंपनी.
हेल्दुर उठला.
दिसलेलं परत झाकायचं? अर्धं बघून?
यादविगाबाई हळू म्हणाल्या,
तिथं ते आपल्यापेक्षा जास्त टिकेल.
हेल्दुरनं विरोधात हात वर केला.
त्याला मत नाही, हे अध्यक्षांनी समजावलं.
हात वरच राहिला.
तो नोंदवला आहे.

आयत्या वेळचे विषय.
खिडकीपाशी बसलेलं कुणीतरी म्हणालं, बर्फ.
खड्डा उघडा होता.
जिना, फाटक, रस्ता, कुणी कोट घातला, कुणी नाही.
ताडपत्रीचं एक टोक विद्यापीठानं धरलं,
दुसरं कंपनीनं, तिसरं संग्रहालयानं,
चौथं वाऱ्यानं सारखं हिसकावलं,
म्हणून वही काखेत मारून ते मी धरलं.
खालून हेल्दुर ओरडत होता,
डावीकडे, अजून डावीकडे,
बस मागे घेताना ओरडावं तसं.

सभा संपल्याची वेळ लिहायची राहिली.
आभार मानायचेही.