शक्यतो

आठवी बैठक. वेंगुर्ल्यात, ट्रस्टच्या ऑफिसात.
भिंतीवर संगमरवरात देणगीदारांची नावं,
टेबलावर बशीत काजू.
ते पाच जण, आम्ही चौघी.
काजूला कुणीच हात लावला नाही,
फक्त फिलोमिनानं दोन उचलले.
रात्रपाळी उतरून तशीच आली होती.
म्हणाली, माफ करा, भूक लागलीय.

बाकीचं जमत आलं होतं.
गणवेशाचा धुलाईभत्ता, बाळंतपणाची रजा.
दर अकरा महिन्यांनी येणारा तो एक कोरा दिवस,
जेव्हा कागदावर आम्ही कुणीच नसतो
(गेल्या वैशाखात त्याच दिवशी वैजू गवंडे
घरच्या साडीत येऊन बसली होती वॉर्डात,
नऊ नंबरची आजी दुसऱ्या कुणाच्या हातून
पेज घेत नव्हती म्हणून),
तोही काढून टाकतो म्हणाले.

अडलं ते कलम चौदावर.
‘रात्रपाळीस प्रत्येक वॉर्डात
शक्यतो दोन परिचारिका असतील.’

खजिनदार म्हणाले, एका शब्दानं काय बिघडतंय?
लिहिण्याची पद्धत असते ती.

तेव्हा रुबिना मुकादम बोलली,
सात बैठका जी नुसती टिपणं घेत होती.

साहेब, आश्विनात, भातकापणी चालू असताना,
मठवरून रिक्षात घालून एक पोरगा आणला.
फुरसं चावलेलं. हिरड्यांतून रक्त.
पलीकडे लेबर रूममध्ये कोंडुऱ्याची पहिलटकरीण,
बाळाचं डोकं दिसू लागलेलं.
डॉक्टर निघाले होते. रस्त्यात होते.
मी एकटी.
विषावरच्या औषधाची पावडर असते, साहेब,
कुपी हलवून चालत नाही, फेस येतो.
तळहातांत धरून हलके हलके घोळवावी लागते,
दह्यात साखर विरघळू द्यावी तशी.
दहा कुप्या.
एकेक घोळवत मी दारात उभी होते,
एक डोळा इकडे, एक तिकडे,
आणि तिला ओरडून सांगत होते, आता नको गो, आता जोर नको लावू.
सगळी वाचली.
म्हणून ती रात्र तुमच्या कुठल्याच फायलीत नाही.

मग ती थांबली, वहीचं पान उलटलं.
आम्ही चार्टवर सहा लिहितो म्हणजे सहा.
पाच मिली म्हणजे पाच.
तुमच्या आई आहेत ना, स्पेशल रूम दोनमध्ये?
आज लिहू का त्यांच्या चार्टवर,
इन्सुलिन, शक्यतो?

बंदराकडून एका ट्रॉलरचं इंजिन
चालू व्हायला बघत होतं, होत नव्हतं.
खजिनदारांनी चष्मा पुसला.
वकील म्हणाले, ठीक आहे, विचार करून कळवतो,
शक्यतो सोमवारपर्यंत.

फिलोमिनाला हसू फुटलं,
काजू घशात गेला, ठसका लागला,
डोळ्यांतून पाणी.
पाण्याचा पेला पुढे केला तो खजिनदारांनीच.
तेही हसत होते की काय, कळलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर पाळी सुटलेल्या एकवीस जणी.
त्यांच्यात दर्शना तांडेल,
नवऱ्याच्या होडीवर कर्ज आहे ट्रस्टींच्याच पतपेढीचं,
म्हणून जिचं नाव यादीत नव्हतं,
आणि कुणी तिला विचारलंही नव्हतं.

‘काय झाला गो?’
‘एक शब्द उरलो.’
‘केवढो?’
‘तीन अक्षरांचो.’

तिनं बोटांवर मोजून पाहिलं. श. क्य. तो.
मग पर्समधून पेन काढलं, टोपण दातात धरलं.
‘सही खंय करूची?’

टेकायला काही नव्हतं.
वैजूनं पाठ वाकवली.