एक पॉइंटाची रेघ

पत्रक तीन घड्यांचं.
पाच पानं आमची, सहावं कंपनीचं,
कारण कागद कंपनीचा,
शाई कंपनीची,
आणि महालातल्या छापखान्याचं मागचं बिल
अजून आमच्याच कपाटात.

मी लिहिलं होतं :
सापळ्यातले पतंग मोजा.
सलग तीन रात्री, दर सापळ्यात आठ, तरच फवारणी.
नाहीतर थांबा.

सारंग बोपर्डीकरांनी वाचलं, चहा ढवळत.
माणूस वाईट नाही. बुटीबोरीहून येताना
दरवेळी ऑफिसभर तर्रीपोहे आणतो.
म्हणाला, मॅडम, 'थांबा' जरा जड जातं.
'वेळीच काळजी घ्या' कसं वाटेल?

छान वाटेल.
तीच तर अडचण.
'थांबा'ला बाटली नाही, झाकण नाही,
एकावर एक मोफत नाही.
वर्धा रोडवर त्याचा फलक कुणी लावत नाही.

आणि आम्ही तरी कुठे सोवळे?
पहिल्या पानावर उद्घाटनाचा फोटो,
एका फितीला अकरा हात.
तो बसावा म्हणून मीच
बोंडअळीच्या अंड्याचं चित्र वाटाण्याएवढं केलं.
खरं अंडं त्याहून लहान असतं,
ही माझी सबब.

'थांबा' राहिलं.
बदल्यात पाचव्या पानालाही त्यांचाच हिरवा रंग.
मध्ये मी एक रेघ मारली, काळी, एक पॉइंट जाड.
हलीमभाई म्हणाले, बाई, इतकी बारीक रेघ
घडीवर आली तर दिसायची नाही.

आली घडीवर.

ऑगस्टात केळवदहून फोन. वच्छला भोयर.
"कागद भेटला, बाई.
सापळे लावले, रोज मोजून ऱ्हायलो.
परवा तीन, काल पाच.
एकीकडं तुमी म्हन्ता थांबा,
बाजूलेच म्हन्ता आजच मारा.
तुमी एकच बाई आहा का दोघी?"

खिडकीबाहेर महाराजबागेत मोर ओरडला.
दुपारी, उगाच.

मी म्हटलं, कागद पूर्ण उघडा,
शेवटच्या घडीवरून बोट फिरवा,
तिथे एक रेघ आहे,
तिच्या अलीकडची मी.

"थांबा," ती म्हणाली, "चष्मा आनतो."

रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज.
मग कोंबड्या, दूरची मोटर,
कुणीतरी डबा उघडतंय, बंद करतंय.
मी थांबले.