गिरणीचा सा

आमच्याकडे व्हायोलिन नाही, बासरी नाही.
सहा चेलो आहेत, नुसते चेलो.
हे आधीच सांगतो,
म्हणजे पुढची अडचण कळेल.

बाजीराव कापगते नागपूरला गेले होते
बंद पडलेल्या एका शाळेच्या लिलावात
वजनकाटा घ्यायला.
काटा दुसऱ्यानेच नेला.
हे परतले मेटॅडोरमध्ये
गोणपाटात गुंडाळलेल्या सहा दांडग्या सारंग्या घेऊन.
"दंडारीले कामी येतीन," म्हणाले.
नाही आल्या.
वर्षभर राइस मिलमध्ये धानाच्या पोत्यांमागे उभ्या,
एकीच्या पोटात उंदराने बाळंतपण केलं.

मग निकोदेम उबाळे बदलीवर आले, पोस्टमास्तर म्हणून.
लहानपणी मिशनच्या वसतिगृहात
हेच वाद्य त्यांनी गुडघ्यांत धरलं होतं.
उंदीर त्यांनी स्वतः काढले,
एकेक, शेपटीला धरून.

मी गिरणीचा मुनीम. वाटणी माझ्याकडे.
लोकांना आवडणाऱ्या जुन्या विलायती चाली
कोणीतरी साठ-साठ माणसांसाठी लिहून ठेवल्यात,
त्यात तुताऱ्या, त्यात नगारे.
मी त्या धान-आवकच्या वहीत उतरवतो
आणि सहा जणांत बसवतो.
सहाही गळे जाड.
बारीक आवाज कोणी काढायचा?
दंडारीत मिशा भादरून, लुगडं नेसून
गडी उभा राहतो आणि राणी बोलू लागते,
तसा हलरवरचा बिसन
अंगठा पार घोडीजवळ नेतो
आणि वरच्या तारेवर राणी होतो.

सा आम्ही मशीनकडून घेतो.
भरात असली की ती एकच सूर धरून बसते,
त्यावर खुंट्या पिळायच्या.
व्होल्टेज पडलं की सा उतरतो.
आम्हीही उतरतो, सगळे मिळून,
म्हणून कोणाला बेसूर म्हणता येत नाही.
पाचच्या ठोक्याला थांबतो.
बांबूच्या रस्त्याला पट्टेदार असतो
आणि चेलो पाठीवर घेऊन पळता येत नाही.

झिटरू हमालाला मी एकच सूर दिला होता.
सर्वांत जाड तार, मोकळी, बोट न लावता,
बावन्न ओळी.
क्विंटलभर पोतं पाठीवर घ्यायचं
आणि चालायचं नाही, असं ते काम.
एक दिवस भुशाच्या ढिगाशी गाठून म्हणाला,
"मले बी चाल द्या ना जी, थोडीशी."
बिसनच्या खात्यातून चार ओळी वळत्या केल्या.
वाजवल्या त्याने.
चांगल्या वाजवल्या; बिसन तोंड फिरवून बसला.

दुसऱ्या दिवशी झिटरू वहीवर हात ठेवून उभा.
"वापस घ्या."
"काहून?"
"मी वर गेलो तं खाली कोणीच नोहता जी.
मलेच भेव लागला."

पाहिलं तर खरंच.
चार ओळी खालचं घर कोरं.
तीस वर्षांत पैशाची चूक नाही माझी,
आणि इथे अख्खी जमीनच लिहायची राहिली.

निकोदेमसर म्हणाले, असू दे.
मंडईच्या रात्री, नाटकाआधी, वीस मिनिटं मिळाली.
झिटरूच्या चार ओळी आल्या
तेव्हा खाली कोण होतं सांगू?
नाटक कंपनीचं जनरेटर.
अर्धा सूर चढं, पण हललं नाही.
झिटरूने एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं,
सोबत्याकडे पाहावं तसं,
आणि चाल पुरी केली.

टाळ्या थोड्या. मागून एक जण,
"नाटक केवा सुरू होते बे?"
आणि अनुसया वाढई, जी आमच्याकडे कोंडा झाडते,
पडद्याशी येऊन म्हणाली,
"रोज आयकतो तेच वाजवलं ना बाप्पा तुमी."

रात्री वही उघडली.
तिचं वाक्य जसंच्या तसं लिहायला घेतलं
आणि पेन अडलं:
जमेला टाकू की नावे?
मधल्या लाल रेघेवर लिहिलंय,
दोन्हीकडे थोडं थोडं गेलंय.