पेन्सिलीनं

एप्रिल. कापुस्कासिंगमध्ये मागच्या अंगणात
अजून कमरेएवढा बर्फ,
पुढचा काळा पडलाय, मिठानं खाल्लेला.
शाळेची बस रिकामी करून
मी डोनटच्या दुकानात बसते
आणि डिझेलच्या पावतीमागे लिहिते
कोण जिंकणार, किती सामन्यांत.
पेन्सिलीनं. शाई या कामाला उद्धट वाटते.

वाळवंटातले विरुद्ध किनाऱ्यावरचे:
वाळवंटातले, पाचात.
त्यांच्या गावी बर्फ वीज पिऊन जगतो,
लोक अर्ध्या चड्डीत हॉकी बघायला येतात,
मला ते सहन होत नाही.
पण त्यांचा तो लंगडा बचावपटू,
घोट्यात दोन स्क्रू, जबड्यात तार,
पक समोर आला की अंग असं टाकतो
जसं कुणी दार लावून घ्यावं.
अशा माणसाविरुद्ध मी पैज लावत नाही.

नदीकाठचे विरुद्ध गेल्या वर्षीचे विजेते:
सात. सातव्यात जादा वेळ, त्यावर आणखी जादा वेळ,
आणि शेवटचा गोल कुणाच्या तरी ढुंगणाला लागून.
विजेते हरतील. पोट भरलेल्या माणसाला
कोपऱ्यातल्या पकसाठी
फळीवर तोंड आपटून घेणं जिवावर येतं.

रोझेर बेलांजे शेजारून वाचतो, नाक मुरडतो.
कागद गिरणीत तीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस,
त्याच्या मते सगळं गोलीवर असतं.
"आणि गोली कशावर असतो?"
"झोपेवर," म्हणतो, आणि माझ्या कॉफीत साखर ढवळतो.

आता आमचे.
आमचे विरुद्ध कुणीही: आमचे हरणार, पाचात.
अठरा वर्षं हेच लिहितेय.
एकदाच लिहिलं होतं, जिंकू, सहात,
तर मालिकेत तीन-शून्य पुढे होतो
आणि ओळीनं चार हरलो.
तेव्हापासून तोंडानं अभद्र बोलायचं,
मनात मात्र...
नको, मनातलं इथेही नको.
आपल्या माणसाची दृष्ट सगळ्यात वाईट.

फेब्रुवारीत ऑरोरचा सामना होता, हर्स्टला.
नऊ वर्षांची, गोली, पॅड तिच्याहून रुंद.
कुणाच्या तरी आईनं विचारलं, काय वाटतं?
मी सवयीनं म्हणाले, "हरतील.
पाच तरी खाईल आज."
ती काचेपलीकडे पाणी पीत उभी होती,
मास्क वर केलेला.

पाच नाही, दोनच खाल्ले. जिंकल्या.
परतताना गाडीत हीटरचा आवाज तेवढा.
ओपासाटिका मागे पडल्यावर म्हणाली,
"तुला खरंच तसं वाटलं होतं?"
मी दृष्टीचं सगळं समजावलं,
उलटं बोललं की सरळ होतं वगैरे.
समोरून लाकडाचा ट्रक आला, गेला,
आमची काच चिखलानं भरली.
"पण मला सरळच ऐकू येतं ना," म्हणाली.

म्हणून या वर्षी, रोझेर, हसू नकोस,
आमचे. सातात.
लिहिताना हात कापला नाही,
शिसाचं टोक तेवढं मोडलं.

पहिला सामना काल झाला. चार-एक हरलो.
ते चार गोल जणू मीच घातले असावेत
अशी मी सोफ्याच्या कडेवर बसून.
मग उठले, स्वयंपाकघरातले खण उपसले,
बॅटऱ्या, दोऱ्या, मेणबत्त्या, किल्ल्या,
खोडरबर कुठेच नाही.
ते ऑरोरच्या पायजम्याच्या खिशात होतं.
फ्रिजवरच्या पावतीशी उभी राहून
तिनं बोटं मोजली, एक हात पुरेना.
"सहा उरलेत," म्हणाली,
आणि दात न घासता झोपायला गेली.