चौकट

मार्डीच्या माळावर, तारेच्या आत
मी एक मीटरची चौकट टाकते.
गवत छातीला लागतं. वही म्हणते: पाच.
पवन्याच पवन्या, बुडाशी गेल्या सालचं कुजकट,
त्यातून डोकं वर काढायची कुणाची टाप नाही.

तारेबाहेर, बोअरच्या हौदापाशी: चार.
हरळी, गोखरू, तरवड,
आणि एक पान, इतकं कुरतडलेलं
की नाव विचारायला संकोच वाटावा.

मायाक्का हाकेची मेंढरं
आखाडात येतात, दोन रात्री बसतात, उठतात.
आता भादव्यात तिच्या वाटेवर चौकट टाकली
तर पेन्सिल थांबेना.
एकोणीस.
नखाएवढी निळी फुलं, लेंड्यांतून रुजलेलं कायतरी,
"ह्ये हुंगून सोडत्यात. ह्ये फकस्त कोकरं खात्यात."
तिला नावं ठाऊक नाहीत, तोंडं ठाऊक आहेत.

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे:
चराईचा योग्य कालावधी.
मी विचारलं, किती दिवस बसवायची?
ती हसली. "म्या कुठं उठवते?
त्यांचं त्येच उठत्यात."

रकाना कोरा ठेवून
मोज्यातली कुसळं उपसत बसले.
बाराव्या कुसळापर्यंत
कळप टेकाडापलीकडे गेला होता.