एकवीस अंश, नऊ मिनिटं

ओट्यावर बसलं की पहिला प्रश्न उखाभाऊंचा:
"जहाजावर आंघोळीले पाणी गोडं होतं का खारं?"
गोडं, म्हणतो मी. समुद्राचंच, मीठ काढून घेतलेलं.
"मंग त्या मिठाचं काय करतात?"
एकतीस वर्षं केळीचे रोग शिकवले मी,
मिठाचं कुणी विचारलं नव्हतं.

रोज पहाटे दाराखालून कागद सरकायचा.
सातला योगासनं, नऊला हाऊजी,
सव्वादहाला नाट्यगृहात
प्रा. डिगंबर फिरके: केळीचा समुद्रप्रवास.
अकराला, तिथंच, टॉवेलचा हत्ती कसा करावा.
हत्तीसाठी लोक साडेदहापासूनच येऊन
मागच्या रांगा धरायचे.
मला वाटायचं, आज गर्दी आहे.

गळ्यातल्या पट्ट्याचा रंग निराळा.
प्रवाशांना मी नोकर वाटे, नोकरांना प्रवासी,
म्हणून दोघंही जपून बोलायचे.
खोलीला खिडकी नव्हती.
टीव्हीच्या एका चॅनेलवर नुसता समुद्र दिसायचा,
कुमुद तो रात्रभर चालू ठेवायची,
"निदान उजाडल्याचं कळतं."

नाश्त्याला केळी. एका मापाची, पिवळीजर्द,
प्रत्येकीच्या गालावर निळं लेबल.
मी एक उलटी धरली, देठ पाहिला, हुंगला.
कुमुद हळूच म्हणाली,
"खा आता. तिची तोंडी परीक्षा नको."

चौथ्या दिवशी जहाज डोलायला लागलं.
पडदा काळा झाला, त्यात माझे नकाशे गेले,
एक पोरगा वायरी चाचपत राहिला.
समोर नऊ जण. एक बाई मोजे विणत होती.
मग मी सांगितलं ते, जे चित्रांत नव्हतंच:
सावद्याला कापणीवाले पहाटे चारला निघतात.
घड घेताना खांद्यावर गादी ठेवतात,
खांद्यासाठी नव्हे,
घडाला डाग पडू नये म्हणून.
चीक सदऱ्यावर सांडला की
तो डाग सदऱ्याबरोबरच संपतो.
बाईच्या सुया मांडीवर थांबल्या.
बाहेर लाट आपटली, मी थोडा वेळ बोललोच नाही.

मागच्या दाराशी
टरबुजांची गाडी घेऊन उभा होता रोहेलिओ,
फळांचे मोर कोरणारा.
सगळे गेल्यावर पुढे आला, डावा तळहात उघडला.
अंगठ्यापासून मनगटापर्यंत कोयत्याची पांढरी रेघ.
"दावाओ," म्हणाला. "केळी. सोळाव्या वर्षापर्यंत."
दावाओ मला ठाऊक होतं,
हेक्टरांत, टनांत, निर्यातीच्या तक्त्यात.
मी पण माझा हात पुढे केला, सवयीनं,
आणि तो स्वच्छ निघाला.
आमची बाग होती, उखाभाऊ.
आम्ही घड मोजायचो. उचलायचो नाही.

कुमुदनं त्याला बिबड्यांची पुडी दिली,
कशा तळायच्या ते हातवारे करून सांगितलं.
रात्री आमच्या टेबलावर चकचकीत झाकणाखाली
चार बिबड्या आल्या, थोड्या करपलेल्या,
बाजूला गाजराचं फूल.

दुपारी बाराला कप्तान भोंग्यावरून सांगायचा:
आपण इतके अंश उत्तर, इतके पूर्व,
वारा अमुक, लाटा तमुक.
लोक चमचा थांबवून ऐकायचे,
आपण कुठं आहोत ते.

इथं मे महिना. बारा वाजलेत.
एकवीस अंश नऊ मिनिटं उत्तर,
पंच्याहत्तर अंश त्रेपन्न मिनिटं पूर्व.
वारा पश्चिमेचा, भट्टीतला. लाटा नाहीत.
फाट्यावर ट्रक भरतोय,
गादी खांद्यावर टाकून पाच पोरं ये-जा करतायत.
पंधरा वर्षं तरी बघतोय मी त्यांना, त्यांच्या बापांना.
एकाचंही नाव मला सांगता यायचं नाही.

उखाभाऊ बराच वेळ गप्प. मग तंबाखू मळत,
"बरं, तो टॉवेलचा हत्ती. तो कसा करतात?"

तेवढं मात्र येतं मला.
टॉवेल आणा, म्हणतो.